पहिला क्रमांक कशात, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरांच्या क्रमवारीची बातमी आली की पुढचा आठवडाभर वाचकांच्या पत्रांत दोनच सूर लागतात. क्रमांक वर असेल तर 'आम्ही म्हणतच होतो', आणि खाली असेल तर 'परीक्षकांना आमचं शहर कळलंच नाही'. क्रमांक नेमका कशाला मिळाला, हे दोन्हींकडच्या मंडळींनी पाहिलेलं नसतं. बातमीतच ते नसतं, तर पाहणार कुठून? म्हणून हे पत्र, आणि ते जरा लांबणार आहे.

रहिवासी आपल्या शहराला वाजवीपेक्षा जास्त गुण देतात का? देतात. यावर वाद घालण्यासारखं फारसं उरलेलं नाही, कारण ते मोजून झालं आहे. ते कशात जास्त देतात, कशात उलट हात आखडता घेतात आणि त्यातलं काय घरबसल्या तपासता येतं, याची चर्चा मात्र होत नाही.

१९६०च्या दशकात पीटर गूल्ड आणि रॉडनी व्हाइट या भूगोलाच्या अभ्यासकांनी ब्रिटनमधल्या २३ शाळांत, शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांना एक प्रश्न विचारला. पूर्ण मोकळीक मिळाली तर देशाच्या कुठल्या भागात राहायला आवडेल? आलेल्या उत्तरांचे त्यांनी नकाशे काढले. डोंगरांच्या नकाशात समान उंचीच्या रेषा असतात, तशा इथे समान पसंतीच्या रेषा. देशाचा दक्षिण किनारा जवळपास सगळ्याच नकाशांत उंच निघाला, म्हणजे त्याबद्दल मुलांचं एकमत होतं. त्याशिवाय प्रत्येक नकाशात एक जादा उंचवटा होता, शाळा ज्या भागात आहे नेमका त्याच भागावर. दुसऱ्या शाळेचा नकाशा घ्यावा, तर उंचवटा तिकडे सरकलेला आणि बाकीचा देश साधारण तसाच.

त्या उंचवट्याची उंची म्हणजेच रहिवाशांचा आपल्या गावाबद्दलचा फाजील अभिमान. तो मोजायची रीतही त्यातूनच मिळते. रहिवाशांनी शहराला दिलेले गुण एकटे पाहून काही कळत नाही. तिसऱ्याच गावच्या लोकांनी, ज्यांना ना इथलं सोयरं ना सुतक, त्याच शहराला त्याच निकषांवर दिलेले गुण शेजारी ठेवायचे आणि वजाबाकी करायची. ही मुलं आंधळी नव्हती, हेही ध्यानात घ्यावं. घर सोडून उरलेल्या देशाबद्दल त्यांचं मत एकमेकांशी जुळत होतं. नजर अधू होते ती घराजवळच.

जवळून पाहणाऱ्याला जास्त कळतं, हा समजही तितकासा खरा नाही. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिल्ग्रम यांनी पॅरिसच्या दोनशेहून अधिक रहिवाशांकडून शहराचे नकाशे हाताने काढून घेतले. सेन नदी शहरातून मोठी कमान टाकून जाते. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी ती कमान प्रत्यक्षाहून बरीच सपाट काढली. काठाने चालताना नदीचं लांबवर पसरलेलं वळण अंगाला जाणवत नाही, म्हणून ते मनातून पुसलं जातं. रोजच्या वापराने माणूस शहर शिकतो, आणि त्याच वापराने ते सरळसुद्धा करून टाकतो.

हे होतं कशाने? एक कारण निव्वळ सवयीचं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ साली लोकांना अर्थ नसलेले शब्द आणि अनोळखी चित्रलिपीतली अक्षरं दाखवली. काही एकदा-दोनदा, काही २५ वेळा. जे जास्त वेळा डोळ्यांखालून गेलं ते लोकांना जास्त बरं वाटलं, अर्थ कशालाच नव्हता तरी. शहर तर २५ वेळा नाही, २५ वर्षं डोळ्यांखालून जात असतं.

दुसऱ्या कारणाकडे सर्वेक्षण करणारेसुद्धा काणाडोळा करतात. ज्यांना शहर अजिबात मानवलं नाही ते निघून गेलेले असतात. प्रश्नावली घेऊन दारावर जाणारा माणूस त्यांच्यापर्यंत पोचत नाही. 'ऐंशी टक्के नागरिक शहरावर समाधानी' असं वाचलं की तो आकडा थांबलेल्यांचा आहे हे धरून चालावं. त्यातही 'थांबलेले' दोन तऱ्हांचे. काहींना जायचंच नाही आणि काहींना जाता येत नाही. जाता येत नाही तो बऱ्याचदा शहराची जास्तच वकिली करतो. रोज मनातल्या मनात भांडण्यापेक्षा ते सोपं पडतं.

तिसरं कारण आपल्याकडे म्हणीतच आहे: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू हॉर्न्सी आणि सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला. टीका शब्दशः तीच ठेवली, फक्त टीका करणारा बदलला. आपल्यातला बोलला तर लोक ऐकून घेतात, बाहेरचा बोलला की तेच शब्द झोंबतात. पुढच्या प्रयोगात असंही दिसलं की बाहेरचा माणूस अनुभवी असला, इथे राहून गेलेला असला, तरी त्याचं फारसं काही चालत नाही. नव्याने राहायला आलेल्याची तक्रार खरी असूनही वाया का जाते, ते यावरून कळावं. नगर नियोजनाच्या सुनावणीत तोच मुद्दा जुन्या रहिवाशाच्या तोंडून मांडला तर पुढे सरकतो. युक्ती म्हणून हे उपयोगी आहे. न्याय्य आहे असं माझं म्हणणं नाही.

सर्वनामांची गंमतही नोंदवण्यासारखी आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चिआल्डिनी यांच्या गटाने १९७६ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. शनिवारी आपला फुटबॉल संघ जिंकला असेल तर सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव छापलेले कपडे जास्त दिसायचे. फोनवर सामन्याबद्दल विचारलं तर जिंकलेल्या सामन्याला 'आपण' आणि हरलेल्याला 'ते' असं सर्वनाम लागायचं. शहराच्या बाबतीत हे रोज चालतं. मेट्रो 'आपली', तुंबलेलं गटार 'त्यांचं'.

आता दाव्यांकडे वळू. सगळ्यांत निरुपद्रवी म्हणजे बिरुदं. 'उत्तरेचं व्हेनिस' म्हणवून घेणाऱ्यांत ॲमस्टरडॅम आहे, स्टॉकहोम आहे, सेंट पीटर्सबर्ग आहे आणि ब्रूजही आहे. सात टेकड्या रोमला आहेत, लिस्बनला आहेत, इस्तंबूलला आहेत आणि एडिंबरालाही. टेकडी कशाला म्हणायचं ते ठरवणारा गावातलाच असला की मोजणी सातवर येऊन थांबते. बर्मिंगहॅमकर सांगतात की त्यांच्याकडे व्हेनिसपेक्षा जास्त लांबीचे कालवे आहेत. असतीलही, पण बर्मिंगहॅम आकाराने कालव्यांच्या जुन्या व्हेनिसच्या कितीतरी पट मोठं आहे. भागाकार केला की बढाई उतरते. 'जगातलं सर्वांत जुनं शहर' या पंगतीत दमास्कस, जेरिको, बिब्लोस, वाराणसी अशी बरीच पानं मांडलेली असतात. सलग वस्ती म्हणजे काय आणि खेड्याचं शहर कधी झालं, याचा निकाल लागत नाही तोवर कुणीच पानावरून उठणार नाही. या बढायांनी कुणाचं काही बिघडत नाही, चालू द्यावं.

हवामानाच्या दाव्यात मात्र गोची आहे, कारण तिथे आकडे असतात आणि तरी लोक फसतात. अमेरिकेत पावसाचं शहर म्हटलं की सिएटल. तिथे वर्षाला सुमारे १००० मिमी पाऊस पडतो, तर न्यूयॉर्कला सुमारे १२५० मिमी. मग सिएटलचं नाव उगाच झालं का? नाही. तिथे वर्षातले दीडशेहून जास्त दिवस पाऊस असतो आणि न्यूयॉर्कला सव्वाशेच्या आसपास. एकीकडे रिमझिम महिनोन्महिने, दुसरीकडे कोसळून मोकळं. नाल्याची रुंदी ठरवणाऱ्याला मिलिमीटर हवेत आणि वाळत टाकलेल्या कपड्यांची काळजी असणाऱ्याला दिवस. लंडनच्या पावसाची एवढी ख्याती, पण तिथे वर्षाकाठी सहाशे मिमीच्या आसपास पडतो आणि उन्हाच्या रोममध्ये आठशेच्या आसपास. शिकागोला 'वाऱ्याचं शहर' म्हणतात, आणि वाऱ्याचा सरासरी वेग बॉस्टनचा जास्त आहे. शहराबद्दल गैरसमज फक्त रहिवाशांचे असतात असं नाही, दुरून डोंगर साजरे असतात तसे बोडकेही दिसतात.

'आमच्याकडची हवा वर्षभर छान' हे वाक्य तपासायचं असेल तर वार्षिक सरासरी तापमान बघूच नका. उन्हाळ्यात ४० आणि हिवाळ्यात १० अंश असलेल्या शहराची सरासरी २५ येऊ शकते, आणि वर्षभर २५ राहणाऱ्या शहराचीही २५च. तीन आकडे काढा: सर्वांत गरम महिन्यातलं रात्रीचं किमान तापमान, त्याच महिन्यातली दमटपणाची टक्केवारी, आणि वर्षातले किती दिवस कमाल तापमान तुमच्या सोसण्याच्या पलीकडे जातं. माणूस रात्री थंडावा मिळाला तर दिवसाचं ऊन काढतो. रात्रीही पारा उतरला नाही तर तो मोडतो. आकडे एका वर्षाचे नकोत. हवामानाची सर्वसाधारण स्थिती तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात, सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा काळ धरला जातो. शिवाय नोंद कुठे झाली ते बघा. तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीत, मोकळ्या जागेत असतो आणि बऱ्याचदा विमानतळावर. काँक्रीटने वेढलेल्या पेठेत रात्री त्याहून दोन-तीन अंश जास्त असणं मुळीच नवलाचं नाही.

आणि एवढं करून हवा खरंच चांगली निघाली, तरी तिने माणूस सुखी होतो का? डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या अभ्यासकांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आणि अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या विद्यार्थ्यांना विचारून पाहिलं. कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान विचारलं तर दोघांचं सारखंच. हवामानावर कॅलिफोर्नियावाले जास्त खूश होते खरे, पण ती खुशी आयुष्याच्या हिशेबात उतरली नाही. दोन शहरांची तुलना करताना जो फरक डोळ्यांत भरतो त्याला आपण फार वजन देतो. राहायला गेल्यावर दिवस कामात, प्रवासात आणि घरच्यांत जातो. आभाळाकडे बघायला सवड कुणाला असते?

दुसरा नेहमीचा दावा: 'इथे कुठूनही कुठेही वीस-पंचवीस मिनिटांत पोचता.' हा तपासायला सोपा आणि जवळजवळ नेहमी खोटा ठरणारा. माणूस लबाडी करतो म्हणून नव्हे, त्याला सर्वांत चांगला प्रवास आठवतो म्हणून. कागद घ्या. घराला कुलूप लावताना वेळ लिहा. गाडी सुरू केल्यावरची नको, कुलुपाची. कामाच्या जागेवर टेकल्यावर दुसरी वेळ लिहा. गाडी लावायला जागा शोधणं, बसची वाट पाहणं, जिना, सगळं आत आलं. कामाचे सलग दहा दिवस एकच वेळ ठेवा आणि एकही दिवस 'आज जरा वेगळंच झालं' म्हणून गाळू नका. वेगळं होणं हाच शहराचा स्वभाव आहे.

समजा दहा दिवसांची मिनिटं अशी आली: २४, २५, २६, २६, २७, २८, ३०, ३४, ४७, ५८. माणूस चारचौघांत सांगताना 'पंचवीस मिनिटं' म्हणतो. सरासरी येते साडेबत्तीस. पण रोज वेळेवर पोचायचं असेल तर निघावं लागतं नवव्या क्रमांकाच्या हिशेबाने, म्हणजे ४७ मिनिटं आधी, आणि तरी दहातून एकदा उशीर व्हायचाच. या शहराचा खरा आकडा ४७. दुसऱ्या एखाद्या शहरात रोज चाळीस मिनिटं लागत असतील, ३८ ते ४२च्या मध्ये, तर ते शहर कागदावर हळू आणि जगायला सोपं आहे. हाच तक्ता गाडीवाल्याने, बसवाल्याने आणि पायी जाणाऱ्याने वेगवेगळा भरावा. एकाच शहरातली तीन शहरं समोर येतात.

पायी जाणाऱ्यावरून आठवलं. 'चालायला मस्त शहर' या दाव्यासाठी मोजपट्टी आणि बाबागाडी पुरे. पाचशे मीटर पदपथ निवडा, मिरवायचा नाही, रोजचा. बाबागाडी किती वेळा उचलावी लागली आणि किती वेळा रस्त्यावर उतरावं लागलं ते मोजा. चाकांच्या खुर्चीला किमान ९० सेंमी मोकळी रुंदी लागते, दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर १.८ मीटर. खांब, झाड, रोहित्राचा डबा वगळून जी जागा उरते ती रुंदी. पदपथ कागदावर दोन मीटर आणि खांबाजवळ साठ सेंमी असेल तर तो पदपथ साठ सेंमीचाच. उताराचा नियम साधा आहे, एकास बारा. पंधरा सेंमी उंचीच्या कडेला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. ठेकेदाराने तो अर्ध्या मीटरात उरकला की चढताना खुर्ची मागे कलंडते आणि उतरताना पावलं टेकायची पाटी जमिनीला घासते. उद्घाटनाच्या फोटोत मात्र उतार दिसतो.

'सुरक्षित शहर' हा दावा भागाकारातच गंडतो. गुन्ह्यांची संख्या भागिले रहिवासी, हे सूत्र. लंडनच्या मधोमध 'सिटी ऑफ लंडन' हा तीन चौरस किलोमीटरहून लहान भाग आहे. २०२१च्या जनगणनेत तिथे राहणारे सुमारे ८,६०० आणि दिवसा कामाला येणारे पाच लाखांहून अधिक. तिथे चोरीला गेलेली पाकिटं ८,६००ने भागली तर तो भाग भयंकर ठरेल. उलटी फसगतही होते. जिथे तक्रार नोंदवून घेण्यातच टाळाटाळ असते तिथला दर कमी दिसतो. म्हणून लपवता न येणारे आकडे आधी बघावेत, म्हणजे खून आणि रस्त्यावरचे मृत्यू. मोबाइलचोरीचा दर मात्र चोरांइतकाच नोंदवहीबद्दलही सांगतो.

लोकसंख्येचंही तेच. चीनमधल्या चोंगचिंगला जगातलं सर्वांत मोठं शहर म्हणतात, २०२०च्या जनगणनेत ३ कोटी २० लाख लोक. पण त्या हद्दीचं क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटर आहे, जवळपास ऑस्ट्रिया देशाएवढं, आणि त्यात शेतं आणि डोंगरही आले. पॅरिस महापालिकेची हद्द मात्र १०५ चौरस किलोमीटर. हद्द बदलली की दाटी, हिरवाई, उत्पन्न, सगळे दर बदलतात आणि जमिनीवर एक वीटही हललेली नसते.

राहता राहिला 'आमच्याकडची माणसं फार चांगली' हा दावा. हे मोजता येत नाही असं वाटतं, पण मोजलेलं आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन यांच्या गटाने १९९०च्या दशकात जगातल्या २३ मोठ्या शहरांत तीन साधे प्रयोग केले. समोरून एकटा येणारा माणूस दहा-पंधरा फुटांवर असताना पेन पडल्याचं लक्षात न आल्यासारखं करून पुढे चालायचं. पायाला पट्टा बांधून लंगडत जाताना मासिकांचा गठ्ठा पाडायचा. अंध व्यक्तीसारखं काठी घेऊन सिग्नलला उभं राहायचं आणि दिवा हिरवा झाल्यावर कोणी मदत करतं का ते पाहायचं. पहिलं आलं रिओ डि जानेरो, कोलकाता चौथं, व्हिएन्ना पाचवं, न्यूयॉर्क शेवटून दुसरं आणि क्वालालंपूर शेवटचं. रिओची ख्याती गुन्ह्यांबद्दल आहे, हे लक्षात घेतलं तर 'माणसं मदतीची' आणि 'शहर सुरक्षित' ही दोन वाक्यं एका दमात म्हणता येत नाहीत. प्रामाणिकपणाचंही तसंच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त 'सापडलेली' पाकिटं बँका, टपाल कचेऱ्या, हॉटेलं अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्यांच्या हाती दिली. पैसे नसलेल्या पाकिटांबाबत ४० टक्के लोकांनी मालकाला कळवलं, पैसे असलेल्यांबाबत ५१ टक्के. अंदाज बांधणाऱ्या सामान्य लोकांना आणि तज्ज्ञांनाही हे असं निघेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे कधीकधी आपण माणसांना कमीही लेखतो.

कमी लेखण्याची ही बाजू चर्चेत हरवते. पिकतं तिथे विकत नाही. नळाला पुरेशा दाबाने पाणी येत असेल, वीज जात नसेल, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर रहिवासी त्याला शून्य गुण देतो, कारण ते त्याला दिसतच नाही. तोच रहिवासी वर्षातून एकदाही न पाहिलेल्या किल्ल्याला दहापैकी दहा देतो. शहराबद्दल प्रश्नावली करणाऱ्यांनी म्हणूनच आधी 'शहर कसं वाटतं' असं विचारू नये. आधी गेल्या सात दिवसांतलं विचारावं: पाणी किती तास आलं, किती वेळा पायी गेलात, किती वेळ बसची वाट पाहिली. एकूण मत शेवटी. आणि तिघांना वेगवेगळं विचारावं: दोन वर्षांत आलेले, जन्मापासून असलेले आणि सोडून गेलेले. सोडून गेलेल्यांचा पत्ता शोधायला कष्ट पडतात, पण सगळ्यांत कामाची उत्तरं त्यांच्याकडे असतात.

आता तुमच्याकडे येतो. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या ब्रिटिश संस्थेची राहण्याजोग्या शहरांची यादी दरवर्षी सगळे छापतात. तिचे भारांक, म्हणजे एकूण गुणांत कोणत्या निकषाचा किती वाटा, असे: स्थैर्य २५ टक्के, आरोग्यसेवा २०, संस्कृती आणि पर्यावरण २५, शिक्षण १०, पायाभूत सुविधा २०. राहण्याचा खर्च त्यात धरलेलाच नाही. घरभाडं परवडत नसलेलं शहर यादीत वर असू शकतं ते यामुळे. अशा याद्यांचा एक मोठा उपयोग म्हणजे कंपन्यांनी परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना किती कष्टभत्ता, म्हणजे तिथल्या गैरसोयींपोटी जादा पैसे, द्यायचा ते ठरवणं. ८० गुणांच्या वर भत्ता नाही, ७० ते ८० असेल तर पगाराच्या ५ टक्के, असं खाली खाली जात ५० किंवा त्याहून कमीला २० टक्के. चार वर्षांसाठी आलेल्या अधिकाऱ्याच्या सोयीचं हे मोजमाप आहे, आणि ते वाचून आपण पिढीजात रहिवाशाची छाती फुगवतो.

भारांकांनी क्रम कसा उलटतो ते एका उदाहरणात दिसेल. एका शहराला संस्कृतीत ९० आणि वाहतुकीत ६० गुण, दुसऱ्याला ६५ आणि ८०. संस्कृतीचा वाटा ६० टक्के धरला तर ७८ विरुद्ध ७१, पहिलं शहर पुढे. तोच वाटा ३० टक्के केला तर ६९ विरुद्ध ७५.५, दुसरं पुढे. शहरं तीच, गुण तेच. व्हिएन्ना २०१८ आणि २०१९ मध्ये या यादीत पहिलं होतं, २०२१ मध्ये महासाथीच्या निर्बंधांमुळे बाराव्या क्रमांकावर गेलं, त्या वर्षी ऑकलंड पहिलं आलं आणि २०२२ मध्ये व्हिएन्ना पुन्हा पहिलं.

तुलना कोणाशी, हाही प्रश्न आहेच. अमुक लोकसंख्येच्या आतलं, अमुक प्रदेशातलं, अमुक गटातलं 'पहिलं', असं करत करत चाळण लावली की वासरांत लंगडी गाय शहाणी ठरते. गट जितके जास्त तितके पहिले क्रमांक जास्त, आणि तितके फलकही.

तेव्हा विनंती एवढीच की अशा प्रत्येक बातमीखाली सहा ओळींची चौकट द्या. यादी कोणी केली आणि कोणासाठी. शहराची हद्द कोणती धरली. आकडे कोणत्या वर्षाचे आणि ते कोणी दिले, कारण महापालिकेने स्वतःच भरून दिलेले आकडे वेगळे आणि बाहेरच्याने मोजलेले वेगळे. भारांक काय. एकूण किती शहरं. आणि क्रमांकाशेजारी गुण, या वर्षीचे आणि गेल्या वर्षीचे. सगळ्यांत महत्त्वाची ही शेवटची ओळ. २०२४ मध्ये व्हिएन्ना ९८.४ गुणांनी पहिलं होतं आणि कोपनहेगन ९८ गुणांनी दुसरं. २०२५ मध्ये कोपनहेगन पहिलं आलं, १७३ शहरांत. त्याचे गुण त्याही वर्षी ९८च होते. व्हिएन्नाचे घटले होते, तिथल्या एका मोठ्या संगीत कार्यक्रमाला घातपाताची धमकी आली होती म्हणून.

आपला,
एक नियमित वाचक